फुलीची सही : विल्यम केरीचे घर आणि त्याची चरित्रे

मराठी गद्याच्या किंवा मुद्रणाच्या इतिहासावरचे कोणतेही पुस्तक उघडले, तर विल्यम केरीचे नाव पहिल्या काही पानांतच भेटते. 1805 साली सेरामपूरला छापलेले, इंग्रजीतून मराठी शिकवणारे व्याकरण. 1810 चा कोश. 1811 चा नवा करार. मग मोडी टाइपात छापलेली ‘सिंहासन बत्तिशी’ आणि ‘हितोपदेश’. एवढी यादी दिली की इतिहासकार दादोबा पांडुरंग आणि मोल्सवर्थ यांच्याकडे वळतो. केरी माणूस कोण होता, त्याच्या घरात काय चालले होते, हे विचारायला कोणी थांबत नाही. इंग्रजीत मात्र त्याची चरित्रे दीडशे वर्षांहून अधिक काळ लिहिली जात आहेत. ती ओळीने वाचली की केरीइतकेच चरित्रकारांविषयीही बरेच कळते. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

केरी मूळचा जोडे शिवणारा. इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टनशायरचा. पुढे मोल्टन आणि लेस्टर इथे बाप्टिस्ट मंडळीचा पाळक झाला. 1781 साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने डोरोथी प्लॅकेट हिच्याशी लग्न केले. ती त्याच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी होती आणि निरक्षर होती. चर्चच्या विवाहनोंदवहीत तिने सहीच्या जागी फुली मारली. पुढे ज्याने इतक्या भाषांत बायबल उतरवले, त्याच्या बायकोचा आपल्याला माहीत असलेला दस्तऐवज म्हणजे ही एक फुली. तिच्याबद्दलचे बाकीचे सगळे दुसऱ्यांनी लिहिलेले आहे.

1793 मध्ये केरी हिंदुस्थानात यायला निघाला तेव्हा डोरोथीने यायला साफ नकार दिला. तिचे दिवस भरत आले होते. केरीने थोरल्या फेलिक्सला घेऊन एकट्यानेच निघायचे ठरवले. कंपनी सरकारचा परवाना नसल्याने त्यांना जहाजावरून उतरावे लागले. तेवढ्या अवधीत डोरोथी बाळंत झाली. केरीचा सहकारी जॉन थॉमस पुन्हा तिच्या दारी गेला आणि घर कायमचे दुभंगेल, जन्मभर पस्तावशील, अशी भीती घालून त्याने तिला तयार केले. बहीण किटी सोबत येणार असेल तरच येते, ही तिची अट. तान्ह्या जाबेझला घेऊन ती जूनमध्ये डॅनिश जहाजावर चढली. ही हकिकत चरित्रांतून बहुधा ईश्वरी योजनेचा पुरावा म्हणून येते. कंपनीने अडवले नसते तर कुटुंब मागेच राहिले असते, असा त्यातला सूर असतो. बायकोचा नकार हा देवाने दूर केलेला अडथळा ठरतो. तो एक निर्णय होता, विचार करून घेतलेला, असे त्यात कुठे वाटत नाही.

नोव्हेंबर 1793 मध्ये कलकत्ता. पुढचे काही महिने पैसे नाहीत, ठिकाणा नाही; सुंदरबनात मुक्काम, डोरोथी आणि फेलिक्स अतिसाराने आजारी. या दिवसांतल्या रोजनिशीत केरी लिहितो की बायको आणि मेहुणी सारखी तक्रार करतात, त्यांना कामाचे महत्त्व कळत नाही. पुढे मालद्याकडच्या मुदनाबाटीला निळीच्या कारखान्यावर देखरेखीची नोकरी मिळाली. तिथे 1794 मध्ये पाच वर्षांचा पीटर गेला. दोन मुली आधीच इंग्लंडात गेलेल्या. विटाळाच्या भीतीने मुलाला पुरायलाही माणसे मिळेनात. शेवटी चार मुसलमान तयार झाले. त्यानंतर डोरोथीचे मन फिरले. नवरा बाहेरख्याली आहे असा तिला ध्यास लागला, ती त्याच्यामागे जाऊन लोकांदेखत ओरडू लागली. पुढे तिला खोलीत ठेवावे लागले. 8 डिसेंबर 1807 रोजी सेरामपूरला ती वारली.

आता चरित्रकार. 1885 साली जॉर्ज स्मिथने मोठे चरित्र लिहिले. त्यात डोरोथी ही थोर माणसाच्या गळ्यात पडलेली, त्याला न शोभणारी बायको. तिचा आजार हा केरीच्या सहनशीलतेची कसोटी म्हणून येतो. केरीच्याच वंशातल्या एस. पीअर्स केरीने 1923 मध्ये लिहिताना तिच्याविषयी जिव्हाळा दाखवला खरा, पण घराण्याची अब्रू सांभाळणारा हात पानोपानी जाणवतो. थेट डोरोथीवर पुस्तक यायला 1992 उजाडले. जेम्स बेक या मानसशास्त्राच्या अभ्यासकाने ते लिहिले. त्याने तारखा जुळवल्या, पत्रे शोधली, आजाराला नाव दिले. काम मोलाचे आहे. तरीही एक अडचण उरतेच. ज्या पत्रांवरून निदान करायचे ती सारी नवऱ्याची, नाहीतर नवऱ्याच्या सोबत्यांची. केस पेपर आहेत, रोगी नाही.

तिचा संशय खरा होता असे मला म्हणायचे नाही. त्याला कसलाही आधार दिसत नाही. पण संशयाच्या आधीची तिची भीती, म्हणजे हा प्रवास मुलांच्या जिवावर बेतेल ही, अक्षरशः खरी ठरली. चरित्रकार वेड सविस्तर सांगतात आणि भीती एका वाक्यात उरकतात. आमच्या कळवणकडेही एखाद्या बाईविषयी ‘डोक्यावर परिणाम झालाय’ असे म्हटले की पुढे कोणी काही विचारत नाही.

केरीला खलनायक करणेही सोपे आहे आणि चूकही. तिला वेड्यांच्या इस्पितळात टाक असा सल्ला त्याला मिळाला होता, त्याने तो मानला नाही. मार्शमनच्या मुलाने पुढे लिहून ठेवले आहे की शेजारच्या खोलीत बायकोचा आकांत चाललेला असे आणि हा भाषांतराची मुद्रिते तपासत बसे. काहींना यात भक्ती दिसते, काहींना पाषाणहृदय. मला त्यातली तारीख महत्त्वाची वाटते. मराठी व्याकरण याच वर्षांतले. फोर्ट विल्यम कॉलेजात तो 1801 पासून शिकवत होता, आधी बंगाली, मग संस्कृत आणि मराठी. व्याकरणाला त्याने नित्याच्या विषयांवरचे संवाद जोडले. त्यासाठी मदत वैजनाथ पंडितांची. कॉलेजातले मराठीचे मुख्य पंडित तेच. ‘हितोपदेशा’चे मराठी त्यांचेच. केरीच्या यशात बुडालेले हे दुसरे नाव, आणि त्याबाबतीत आपणही निर्दोष नाही.

मुलांचे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. आई खोलीत आणि बाप कामात. पोरे मोकाट सुटली होती. त्यांना वळण लावले ते हॅना मार्शमनने. फेलिक्स ब्रह्मदेशात गेला. 1814 मध्ये इरावतीत नाव उलटून त्याची बायको आणि मुले बुडाली. मिशन सोडून तो ब्रह्मी राजाचा वकील झाला, याचे बापाला फार लागले. शेवटी सेरामपूरला परतून त्याने बंगालीत शरीरशास्त्रावर पुस्तक लिहिले आणि 1822 मध्ये बापाच्या आधीच गेला.

डोरोथीनंतर काही महिन्यांत, 1808 मध्ये, केरीने शार्लोट रूमोर या डॅनिश बाईशी लग्न केले. ती शिकलेली, अनेक भाषा जाणणारी, प्रकृतीने अधू. तिच्याशी तो कामाविषयी बोलू शके. चरित्रे इथे एकदम उजळतात.

नाशिक जिल्ह्यातल्या वाचकाला या ठिकाणी दुसरे एक घर आठवल्याशिवाय राहणार नाही. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक. त्यांचाही नवरा धर्मासाठी घर सोडून गेला. रेव्हरंड टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पाच वर्षे संसार दुभंगला. त्याही लहानपणी निरक्षर होत्या. फरक इतकाच की त्यांना लिहिता आले. 1934 पासून प्रसिद्ध होत गेलेल्या ‘स्मृतिचित्रां’मुळे टिळकांचा तापटपणा, उधळा दानशूरपणा, न सांगता निघून जाणे हे सगळे आपण बायकोच्या तोंडून ऐकतो, हसतो, आणि टिळक त्यात लहान होत नाहीत. उलट कोणत्याही गौरवग्रंथातल्यापेक्षा तिथे ते अधिक जिवंत आहेत. स्मिथला वाटत होते की बायकोला बाजूला ठेवल्याने केरी मोठा दिसेल. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या मराठी वाचकाला हे पटणे कठीण आहे.

म्हणून केरीचे मराठी चरित्र व्हायला हवे, आणि ते इंग्रजी चरित्रांचा सारांश नसावे. 1805 च्या व्याकरणातले संवाद वैजनाथ पंडितांच्या नावासह पुन्हा छापावेत. डोरोथीसाठी रोजनिशीतल्या तारखा आणि मुलांचे मृत्यू शेजारी शेजारी मांडावेत, भाष्य न करता. केरी 9 जून 1834 रोजी वारला. आपल्याला दुसऱ्या बायकोच्या, शार्लोटच्या, शेजारी पुरावे असे त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले होते.