आडनाव नसलेला नायक : रहस्यकथा, बालकथा आणि वस्तीतला वाचक

दलित समीक्षेने कवितेची चिकित्सा केली, आत्मकथनांवर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले, नाटक आणि जलसा यांचाही विचार केला. रहस्यकथा आणि मुलांची गोष्टीची पुस्तके यांच्याकडे मात्र आपण ढुंकूनही पाहिले नाही. पहिली रंजनवादी म्हणून त्याज्य, दुसरी पोराटोरांची म्हणून क्षुल्लक, असा निवाडा आपण न लिहिताच देऊन टाकला. हा निवाडा मुळात आपला नव्हे. तो पांढरपेशा अभिरुचीचा आहे. प्रस्थापित समीक्षेने बाबुराव अर्नाळकरांना साहित्याच्या पंगतीबाहेर बसवले, आणि पंगतीबाहेर बसण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव असलेल्या आपण ते मुकाट्याने मान्य केले!

या लेखाला निमित्त एक नोंदवही आहे. विश्रांतवाडीत आळंदी रस्त्याच्या आतल्या अंगाला एका वस्तीत, बुद्धविहाराला लागून असलेल्या खोलीत संध्याकाळची अभ्यासिका चालते. मी तिथे आठवड्यातून तीन दिवस शिकवायला जातो. मुले सहावी ते दहावीची. आया धुण्याभांड्याला जातात. बाप कुणाचा बिगारी, कुणाचा रिक्षावाला, कुणाचा महापालिकेत झाडूकामावर. दोन वर्षांपूर्वी जुन्या पुस्तकांची एक पेटी मिळाली. पुस्तक परत करताना वहीत दोन ओळी अभिप्राय लिहायचा, एवढाच नियम केला. ‘पुस्तक छान आहे’ हे वाक्य तेवढे वर्ज्य ठेवले. त्या वहीत जे साठले आहे ते वाचून माझे मत असे झाले आहे की, बालसाहित्यावरच्या आपल्या परिसंवादांत जे बोलले जाते त्यापेक्षा अधिक खोल समीक्षा ही मुले करीत आहेत. मात्र ती समीक्षा आहे हे त्यांना कुणी सांगितलेले नाही.

सर्वांत जास्त वाचला जातो तो भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. हे स्वाभाविकच आहे. बनेश फेणे हा फुरसुंगीचा पोरगा, पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, काडीसारखा बारीक, सायकलवर सुसाट, आणि ‘ट्टॉक्’ असा आवाज काढला की समजावे, याला काहीतरी सुचले. ज्यूल व्हर्न मराठीत आणणाऱ्या भागवतांना साहसाची गती बरोबर कळलेली होती. फुरसुंगी आमच्यापासून शहराच्या दुसऱ्या टोकाला, तरी बसने जाता येईल एवढ्या अंतरावर. त्यामुळे मुलांना तो आपल्या गावचा वाटतो. पण अभिप्राय पहा. सातवीतल्या एका मुलीने लिहिले आहे की, फास्टर फेणे कुणाच्याही घरात शिरतो आणि त्याला कुणी ‘तू इथे काय करतोस’ असे विचारीत नाही. आठवीतल्या एका मुलाचे म्हणणे असे की, फेणे पोलिसांना चोर दाखवतो आणि पोलीस लगेच चोराला पकडतात; आम्ही दाखवायला गेलो तर आम्हालाच बसवून ठेवतील. तिसऱ्याचा अभिप्राय एका ओळीचा आहे. फेणेकडे सायकल आहे म्हणून नाही, त्याच्यावर सगळे विश्वास ठेवतात म्हणून तो जिंकतो.

हे तिसरे वाक्य मी पुष्कळ दिवस मनात घोळवीत आहे. गुप्तहेरकथेवर पाश्चात्त्यांनी आणि आपल्याकडच्या अभ्यासकांनी एवढे लिहिले. निरीक्षणशक्ती, तर्क, धाडस, योगायोग, सगळ्यांची यादी झाली. पण नायकाचे खरे भांडवल त्याची विश्वासार्हता असते, तो बोलला की ऐकणारा थांबतो, दार वाजवले की दार उघडते, ही गोष्ट ज्याला हे भांडवल जन्मतः मिळाले आहे त्याला दिसणारच नाही. हवा दिसत नाही तशी. ज्याची कॉलर धरून ‘कुठला रे तू?’ असे विचारले जाते, त्याला ती पहिल्या पानावरच दिसते. फेणे काश्मीरला जातो, तिथेही तो पाहुणा असतो. वस्तीतला मुलगा अर्ध्या तासावरच्या सोसायटीत गेला तरी रखवालदाराच्या वहीत त्याची नोंद होते.

भागवतांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांच्या लेखणीत द्वेष नाही. त्यांचे जग मात्र मर्यादित आहे, आणि मर्यादित जग सगळ्या मुलांचे जग म्हणून दिले गेले, ही आपली तक्रार आहे.

आता अर्नाळकरांकडे येऊ. चंद्रकांत सखाराम चव्हाण या मूळ नावाच्या या लेखकाने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. धनंजय, झुंजार, काळा पहाड ही त्यांची माणसे. पुढे गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आला, सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद आला. ही पुस्तके गिरणगावातल्या चाळींत भाड्याने फिरली, एस.टी. स्टँडवर विकली गेली, चुरमुऱ्यांच्या पुडीबरोबर घरी आली. साक्षरतेची कोणती सरकारी मोहीम जे करू शकली नाही ते या पिवळ्या पानांनी केले. शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाला त्यांनी शेवटचे पान गाठेपर्यंत वाचायला लावले. आपल्या आधीच्या पिढीतल्या अनेकांचे अवांतर वाचन असेच सुरू झाले. मार्क्स आणि बाबासाहेब नंतर आले. हे कबूल करायला आपल्याला संकोच का वाटावा?

पण केवळ उत्कंठा एवढेच या वाचनाचे कारण असेल असे मला वाटत नाही. धनंजयचे आडनाव काय? झुंजारचे? काळ्या पहाडाचे? यांतले बहुतेक नायक वाचकाच्या ओठावर एका नावाने राहतात. मराठी समाजात आडनाव हा जातीचा दाखलाच असतो. नाव सांगितल्यावर ‘पुढे?’ असा जो प्रश्न येतो, तो कशासाठी येतो हे या अंकाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. रहस्यकथेत हा ‘पुढे?’ येत नाही. झुंजार मोठ्या हॉटेलात शिरतो आणि त्याला त्याच्या कर्तृत्वावर ओळखले जाते. ज्या वाचकाला आयुष्यभर प्रत्येक उंबऱ्यावर ‘पुढे?’ विचारले गेले, त्याला शंभर पानांपुरते जातिविहीन जग मिळत होते. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेत भाड्याची खोली मिळवण्यासाठी माणसाला जे करावे लागते आणि त्याची जी किंमत मोजावी लागते, ते रहस्यकथेचा नायक रोज फुकटात करतो. ही पळवाट आहे, मान्य. पण पळवाट कोणत्या तुरुंगातून आहे हेही समीक्षकाने पाहिले पाहिजे.

नायकाला जात नाही, पण गुन्हेगाराला आहे. नोंदवहीत हे वारंवार आले आहे. चोर झोपडपट्टीत राहतो, चोर काळा असतो, चोराच्या तोंडी अशुद्ध भाषा असते. एका मुलाने तर सरळ लिहिले आहे की, चोर आमच्यासारखे बोलतो म्हणून मला तो आवडला. हा दोष एकट्या मराठीचा नाही. शेरलॉक होम्सच्या १८९० च्या ‘साइन ऑफ फोर’मध्ये अंदमानचा टोंगा असाच माणूस आणि जनावर यांच्या मध्ये कुठेतरी उभा केलेला आहे. पण आपल्याकडे त्याला कायद्याचा आधार होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः संशयित ठरवल्या. सोलापुरात तारेच्या कुंपणात माणसांची वसाहत झाली. गुप्तहेरकथेचा सर्वांत लाडका पुरावा म्हणजे बोटांचे ठसे. त्यांचे कार्यालय १८९७ मध्ये कलकत्त्यात उघडले, आणि ते तंत्र याच जमातींची नोंद ठेवायला वापरले गेले. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. रहस्यकथेतून तो रद्द झाला नाही. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये आले तेव्हा ‘चोर’ पहिल्यांदा स्वतः बोलू लागला. त्या दृष्टीने ते मराठी रहस्यकथेला दिलेले उत्तरही आहे. आपण ते तसे कधी वाचले नाही.

बालसाहित्यातल्या दयाबुद्धीचा प्रकार वेगळा. ‘श्यामची आई’ पेटीत होती आणि ती मुलांनी खरोखर डोळ्यांत पाणी आणून वाचली. साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले होते, हे मी मुलांना आधी सांगितले होते. त्या माणसाच्या प्रामाणिकपणाबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मोळीवाल्या म्हाताऱ्या महारणीचा प्रसंग वाचून एका मुलीने विचारले आहे : श्यामने तिला मोळी उचलू लागली आणि मग घरी आंघोळ केली, हे त्या आजीला कळले का? कळले तर तिला काय वाटले? आई थोर, श्याम गुणी, आणि म्हातारीला नावसुद्धा नाही. १९३५ पासून आजवर लाखो घरांत हे पुस्तक वाचले गेले. ‘त्या आजीला काय वाटले’ हा प्रश्न किती घरांत पडला असेल?

आपल्यातल्या काही कार्यकर्त्यांचा यावर तोडगा ठरलेला असतो. ही असली पुस्तके काढून टाका, मुलांना महापुरुषांची चरित्रे द्या. चरित्रे पेटीत आहेत. त्यांवरचे अभिप्राय मात्र कोरडे आहेत, शाळेच्या निबंधातून उचललेले. एकाने धीर करून लिहिले आहे की, चरित्रात शेवटी ते जिंकणार हे आधीच माहीत असते. हा पोरकटपणा नाही. उत्कंठा म्हणजे काही पाप नव्हे. माणसाचे काय होणार याची काळजी वाटणे म्हणजेच उत्कंठा. आपली बहुतेक बालचरित्रे ही काळजी वाटू देत नाहीत, कारण ती पहिल्या पानापासून पुतळा उभा करतात. अण्णा भाऊ साठ्यांना हे कळले होते. ‘फकिरा’ (१९५९) त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आणि तरी ती श्वास रोखून वाचावी लागते. नववीतल्या मुलाने ती दोन रात्रींत संपवली आणि अभिप्रायात लिहिले, फकिरा कुणाला विचारून आत जात नाही.

बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेला एक प्रवास मी मुद्दाम मराठीत सांगितला. ‘वेटिंग फॉर ए व्हिसा’ या त्यांच्या आठवणींतला १९०१ सालचा प्रसंग. चांगले कपडे घालून मुले वडिलांना भेटायला गोरेगावला निघतात, मसूर स्टेशनवर उतरतात, न्यायला कुणी येत नाही. कपड्यांवरून स्टेशनमास्तर त्यांना ब्राह्मणांची मुले समजतो; जात कळताच त्याचा चेहरा पालटतो. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडीत बसत नाही, मुलांनाच बैल हाकावे लागतात. रात्री नाक्यावर पाणी मिळावे म्हणून मुसलमान असल्याचे सांगून पाहतात, तेही चालत नाही. भाकरी आहे, पाणी नाही. आता हा प्रसंग रहस्यकथेच्या चौकटीत ठेवून पहा. अनोळखी मुलूख आहे, रात्र आहे, वेषांतर आहे आणि ते उघडे पडणे आहे, न पोचलेले पत्रही आहे. फेणेच्या प्रवासात जे जे असते ते सगळे इथे आहे. फक्त दारे उघडत नाहीत. पत्र वडिलांच्या नोकराला मिळाले होते, त्याने ते दिलेच नाही, हा उलगडा शेवटी होतो. मुले त्या नोकरावर प्रचंड संतापली. वर्गात एवढी शांतता मी क्वचित ऐकली आहे.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी ही चौकट हाती घेतली. तुरुंगात लिहू लागलेल्या चेस्टर हाइम्सने १९५७ पासून हार्लेमचे दोन काळे पोलीस उभे केले; १९९० मध्ये वॉल्टर मोस्लीचा इझी रॉलिन्स आला. त्यांच्या कथांत ‘खून कुणी केला’ याइतकाच ‘काळ्या माणसाला कोण काय सांगेल, आणि तो सांगेल ते कोण मानेल’ हा प्रश्न मोठा आहे. पँथर हे नाव आपण त्यांच्याकडून १९७२ मध्ये घेतले, रहस्यकथा घेतली नाही. आणि आपल्याकडे साहित्याला विषय कमी आहेत असेही नाही. २८ एप्रिल २०१४ ला खर्ड्यात सतरा वर्षांच्या नितीन आगेचा खून झाला. २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले; साक्षीदार फितूर झाले होते. आपल्या रहस्यकथेत गुन्हेगार शेवटच्या पानावर सापडायचा नाही. तो पहिल्या पानावरच गावाला माहीत असेल. गाव बोलेल की नाही, हे रहस्य असेल.

नुसता नायक बदलून हे होणार नाही. फेणेच्या जागी कांबळे बसवला आणि बाकी सगळे तसेच ठेवले, तर मुलांना ते खोटे वाटेल. त्यांना वाटलेही आहे. वहीत मागच्या बाजूने काही मुले स्वतः गोष्टी लिहू लागली आहेत. एका मुलाच्या गोष्टीत येरवड्यातून सायकल चोरीला जाते. नायक फुलेनगरचा, तो चोराचा माग काढत टिंगरेनगरपर्यंत पोचतो आणि चौकीत जातो. तिथे त्याला पहिला प्रश्न आडनावाचा विचारतात आणि मग बाकावर बसवून ठेवतात. चौथ्या पानावर गोष्ट अडली आहे. त्याखाली बाकीच्या मुलांनी वेगवेगळ्या शाईत सल्ले लिहिले आहेत : मागच्या दाराने पळ, आईला बोलव, वकील काकांना फोन कर, खोटे आडनाव सांग. लिहिणाऱ्याने शेवटच्या सल्ल्यावर काट मारली आहे. बाकीच्यांचे काय करायचे ते अजून ठरलेले नाही.