लोकप्रिय गीतकाराचे यश

लोकप्रियता ही दैवाची देणगी होय, असे पुष्कळ टीकाकार मानतात. आम्हांस ते मान्य नाही. दैव एकदा साथ देईल, छप्पन्न वेळा नव्हे. १९५५-५६ साली ग. दि. माडगूळकरांच्या 'गीतरामायणा'तील ५६ गीते पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्यास एक अशी प्रसारित झाली. कवीने स्वतः मागे राहून राम, सीता, कौसल्या यांस बोलू दिले आणि सुधीर फडक्यांच्या चालीस वाव राहील इतकाच शब्दभार ठेविला. गीताचा अर्थ विसरवाडीच्या मावचीभाषी श्रोत्यासही एका श्रवणात उमगावा, ही खरी कसोटी. मागणीबरहुकूम लिहिणे हीनपणाचे, हा समज आता सोडिला पाहिजे. मुदत पाळूनही रस न आटणे, हीच प्रतिभा.