आपल्या वाटचं वाक्य

लहानपणी आपण भातुकली खेळलो, तेव्हा कुणी आपल्याला नियम वाचून दाखवले नव्हते. 'मी आई, तू बाबा, ती पाहुणी' एवढं ठरलं की संसार सुरू. पण एक गोष्ट सगळ्या पोरींना न सांगता ठाऊक असे. पाहुणीनं काय बोलायचं ते पाहुणीच ठरवणार. आई झालेली पोर दोघींचंही बोलणं स्वतःच बोलू लागली, की भांडण ठरलेलं.

हल्ली आपल्या घरातल्या मुली मोबाईलवर एक खेळ खेळतात, तो या भातुकलीचाच वाढलेला संसार आहे. त्या त्याला रोल-प्ले म्हणतात. त्यात चित्रं नाहीत, आवाज नाही, सगळा कारभार लिहून. कुणीतरी एक अद्भुत जग मांडतं. त्यात राज्यं, जंगलं, पडके किल्ले, जादू. प्रत्येकीनं एक पात्र घ्यायचं आणि आपला नंबर आला की त्या पात्रापुरत्या चार-सहा ओळी लिहायच्या. मग दुसरी तिच्या पात्राचं लिहिते. कथा सांभाळायला बहुधा एक जण असतो, त्याला मी आपला जुना शब्द देते, सूत्रधार.

माझी भाची नागपूरला शिकते आणि अशाच एका गटात लिहिते. तिनं नि तिच्या सोबतिणींनी हो म्हटलं म्हणून त्यांच्या कथेची बरीच पानं मी वाचली. नव्या माणसासाठी लिहून ठेवलेल्या सूचनाही वाचल्या. "मावशी, तू काय करून राहिली हे वाचून?" असं भाचीनं विचारलंच. वाचण्याचं कारण साधं आहे. या मुली रोज लिहितात, तेही एकमेकींसाठी, आणि त्या लिखाणाकडं साहित्य म्हणून कुणी बघत नाही. मग त्यात बरं काय, वाईट काय, हे सांगणार कोण?

हा प्रकार मोबाईलबरोबर आलेला नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ निघाला. टेबलाभोवती बसून, फासे टाकत, तोंडानं गोष्ट सांगत खेळायचा. पुढच्या एक-दोन वर्षांत विल क्राउथर या संगणकाच्या जाणकारानं केंटकीतल्या मॅमथ केव्ह या गुहेवरून एक लिहून खेळायचा खेळ रचला. तो आणि त्याची पत्नी पॅट्रिशिया, दोघंही गुहा धुंडाळणारे. शेजारच्या फ्लिंट रिजच्या गुहा मॅमथ केव्हला आतून मिळतात, हे १९७२ साली ज्या तुकडीनं शोधलं, तिच्यात पॅट्रिशिया होती. पुढं दोघं वेगळे झाले, आणि आपल्या दोन मुलींना खेळता यावं म्हणून क्राउथरनं हा खेळ लिहिला. 'दिवा घे', 'उत्तरेला जा' असं दोन शब्दांत सांगायचं, की संगणक पुढची जागा शब्दांत दाखवणार. पण त्या गुहेत खेळणारा एकटाच होता. १९७८ साली इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानं 'मड' हा खेळ सुरू केला, रिचर्ड बार्टलनं तो पुढं नेला, आणि तिथं एकाच कल्पित भूमीत अनेक माणसं एकमेकांना भेटू लागली. एकदा दुसरं माणूस समोर आलं, की खेळ नुसता शोधण्याचा राहत नाही. वागण्याचा होतो.

याच बार्टलनं १९९६ साली खेळणाऱ्यांची चार प्रकारांत वाटणी केली आणि त्यांना पत्त्यांचे रंग दिले. चौकटवाल्यांना गुण आणि खजिना हवा असतो. इस्पिकवाले कानाकोपरा उकरून बघतात. बदामवाल्यांना माणसं हवी असतात. किलवरवाल्यांना दुसऱ्यावर चढाई करायची असते. आपल्या भिशीतसुद्धा हे चारही रंग बसलेले दिसतील! भाचीच्या गटाची पानं वाचताना मला चारही भेटले.

आता माझी पहिली तक्रार. नवी मुलगी गटात आली की तिला एक तक्ता भरायला देतात. नाव, वय, कुळ, शस्त्र, विद्या, दिसणं, पूर्वीची हकिगत. अगदी लग्नाचा बायोडाटा! उंची, वर्ण, गोत्र, शिक्षण. बायोडाट्यातून मुलगी कळत नाही, तसं या तक्त्यातून पात्र कळत नाही. उलट नव्या मुलीला वाटतं, जितकं जास्त लिहीन तितकं बरं. मग पात्र निघतं ते असं: अनाथ, पण राजघराण्यातलं. वय सतरा, पण तलवारीत कुणी हरवू शकत नाही. मी वाचलेल्या पानांत अशी तीन होती, आणि तिघांची हकिगत एकमेकांत मिसळली तरी फरक पडला नसता. ज्याला काही कमी नाही, त्याच्याशी दुसऱ्यानं बोलायचं तरी काय?

खरी परीक्षा तक्त्यात नसते, पहिल्या परिच्छेदात असते. नमुन्यादाखल दोन परिच्छेद मीच लिहून दाखवते. पहिला असा:

"मी दार लाथेनं उघडलं. मला पाहून म्हातारी थरथर कापू लागली. तिनं माझे पाय धरले आणि किल्ली काढून दिली."

आणि दुसरा असा:

"मी दार लोटलं. चुलीपाशी एक म्हातारी बसलेली दिसली. माझे कपडे भिजलेले होते. 'आजी, रात्रीपुरती जागा मिळेल का?' मी उंबऱ्याबाहेरच थांबून विचारलं."

पहिल्यात जोर आहे, पण म्हातारी चालवणारी जी मुलगी पलीकडं बसली आहे, तिच्यासाठी काहीच उरलेलं नाही. कापायचं, पाय धरायचं, किल्ली द्यायची, सगळं हिनंच उरकून टाकलं. दुसऱ्या परिच्छेदात काही घडत नाही असं वाटेल. पण आता म्हातारी हो म्हणू शकते, नाही म्हणू शकते, हातात पळी घेऊन धावूही शकते. कथा तिथून सुरू होते. दुसऱ्याच्या पात्राचं आपणच लिहून टाकण्याला या मंडळींत 'गॉड-मोडिंग' म्हणतात, म्हणजे देव होऊन बसणं. तसं करू नये असा नियम भाचीच्या गटातही आहे. पण तो शस्त्रांचे प्रकार, जादूच्या पायऱ्या, राज्यांचे नकाशे हे सगळं संपल्यावर खाली कुठंतरी एका ओळीत. माझ्या मते तो सगळ्यांत वर हवा. बाकी नकाशे मागाहून पाहता येतात.

हा नियम नुसत्या शिस्तीचा नाही. १९९० साली पावेल कर्टिस यांनी कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रातून 'लॅम्डामू' नावाचं असंच एक शब्दांचं घर उभं केलं. नवा माणूस आला की तो आधी कोटांच्या अंधाऱ्या कपाटात असायचा, आणि स्वतः दार उघडून दिवाणखान्यात यायचा. याच दिवाणखान्यात १९९३ साली जे झालं, ते ज्युलियन डिबेल यांनी 'व्हिलेज व्हॉइस' या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकात लिहिलं. मिस्टर बंगल या नावाचं पात्र चालवणाऱ्यानं करणीच्या बाहुलीसारखी एक युक्ती वापरली आणि दुसऱ्यांच्या पात्रांच्या नावावर वाक्यं घालायला लागला. सगळ्यांसमोर अशी घाणेरडी वाक्यं उमटू लागली, की जणू ती कृत्यं त्या पात्रांनी स्वतःच केली. कुणाच्या अंगाला बोटही लागलं नव्हतं. तरी त्याबद्दल लिहिताना आपल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, असं त्यांतल्या एका बाईनं नंतर डिबेलना सांगितलं. सभा झाली, वाद झाले, आणि शेवटी एका व्यवस्थापकानं बंगलचं पात्र काढून टाकलं. पुढं कर्टिस यांनी रहिवाशांना अर्ज आणि मतदानानं नियम करायची सोय करून दिली.

त्या बाईला रडू का आलं, हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. शब्द घाण होते म्हणून, हे खरंच. पण तिच्या नावापुढं क्रियापद दुसऱ्यानं लिहिलं, हे त्याहून मोठं. आपल्यापैकी किती जणींच्या वाटची वाक्यं दुसऱ्यांनी बोलून टाकलेली आहेत! 'हिला चालेल.' 'तिला कुठं काय हवं असतं?' 'ती यायची नाही.' आपण तिथंच उभ्या असतो, तोंड उघडायच्या आत उत्तर गेलेलं असतं. म्हणून या खेळाकडं मी पोरखेळ म्हणून बघत नाही. जिथं 'तुझं तू लिही, मी थांबते' हा कायदा आहे, अशी जागा मुलींना रोजच्या जगण्यात फार मिळत नाही.

'पण शेवटी नुसते शब्दच ना?' असं कुणी म्हणेल. आमच्या पांढुर्ण्याला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव, मधे पळसाचा झेंडा, आणि दोन्हीकडून दगड. त्यालाही खेळच म्हणतात, आणि दरवर्षी त्या खेळात डोकी फुटतात. खेळ म्हटल्यानं दगड हलका होत नाही. तसंच, कागदावर लिहिलं म्हणून शब्दही हलका होत नाही. आपल्याकडची यशोधर राजाची कथा हेच सांगते. सोमदेवसूरींनी ९५९ साली 'यशस्तिलक चम्पू'त ती मोठ्या विस्तारानं लिहिली. आईच्या आग्रहाखातर यशोधरानं खऱ्या कोंबड्याऐवजी पिठाचा कोंबडा बळी दिला. रक्ताचा थेंब सांडला नाही, तरी मनातला भाव मारण्याचाच होता, आणि मायलेकांना त्यापायी जन्मोजन्मी जनावरांच्या योनीत फिरावं लागलं.

या कथेचा दाखला देऊन मुलींच्या हातून मोबाईल काढून घ्या, असं मी म्हणत नाही. मी तो दाखला लिहिणारीसाठी देते. कथेत लढाई येईल, खलपुरुष येईल, त्याशिवाय कथा कशी होणार? पण मारणाऱ्याचं लिहिताना आपल्याला त्यात गोडी लागली आहे की कथेला त्याची गरज आहे, हे लिहिणारीला आतून कळतं. भाचीच्या गटातली लढाईची पानं मला सगळ्यांत कच्ची वाटली. विशेषणांचे ढीग, आणि माणूस कुठं दिसत नाही. उलट एका मुलीनं झाडपाल्याचं औषध देणारी बाई लिहिली आहे. ती दर खेपेला दिवा लावते, जखम बघते आणि एक प्रश्न विचारते. बस्, एवढंच. पण तिच्या प्रश्नांना उत्तर देता देता बाकीची पात्रं माणसं झाली आहेत. या सगळ्या पसाऱ्यात लेखिका म्हणावी ती हीच.

दुसरी तक्रार वेशाची. सगळी पात्रं परदेशी पोशाखातली. टोकदार कानांची जंगली माणसं, दारूचे गुत्ते, आग ओकणारे ड्रॅगन. आपल्याकडं काय कमी होतं? साधारण पाचव्या शतकातली संघदासगणींची 'वसुदेवहिंडी' प्राकृतात आहे, तीही जैन महाराष्ट्रीत, म्हणजे आपल्या मराठीच्या माहेरच्या भाषेत. त्यात वसुदेव गावोगाव भटकतो, आकाशातून उडणारे विद्याधर भेटतात, आणि प्रत्येक मुक्कामी नवी गोष्ट उघडते. १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' आली, तीही अद्भुतरम्यच. देवकीनंदन खत्रींच्या हिंदी 'चंद्रकांता'तले ऐयार आणि तिलिस्म तर आपण नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर बघितलेच आहेत. वेश बदलणारा ऐयार हे या खेळासाठी किती चांगलं पात्र आहे!

वेशाइतकाच भाषेचा प्रश्न. आमच्या मोहगावात घरी मराठी, शाळेत हिंदी, आणि आता या खेळात इंग्रजी. भाचीच्या गटात वर्णनं इंग्रजीत असतात, मराठी येते ती फक्त थट्टेला. पण पात्र घाबरतं किंवा रागावतं तेव्हा मुलींच्या हातून आपसूक मराठी वाक्य निघून जातं, आणि तेच वाक्य जिवंत असतं. मग सगळंच तसं का लिहू नये?

कथा पुरी होत नाही, हा या प्रकाराचा आणखी एक दोष. परीक्षा आली, कुणाचं लग्न ठरलं, की पात्र मधेच नाहीसं होतं आणि बाकीच्या ताटकळत बसतात. लिहायला घेतलेलं पुरं करण्याची सवय यातून लागत नाही.

तरीही एखादीला यात शिरायचंच असेल, तर सुरुवात अशी करावी. आधी आठ दिवस नुसतं वाचावं. कोण दुसऱ्याला जागा देतं, कोण देत नाही, ते आठ दिवसांत कळतं. पात्र छोटं घ्यावं, त्याला एक गरज असावी आणि एखादी गोष्ट येत नसावी. पहिला परिच्छेद प्रश्नावर थांबवावा. कथेबाहेरची माहिती, फोटो, फोन नंबर, गाव कुणी मागितलं तर देऊ नये. आणि कुणी आपल्या पात्राचं वाक्य स्वतःच लिहून टाकलं, तर तिथल्या तिथं सांगावं की हे माझं आहे, ते मी लिहीन. हे एवढं सांगायला शिकली, तरी मुलगी या खेळातून पुष्कळ घेऊन बाहेर आली असं मी म्हणेन. आयांनी मात्र तिच्या खांद्यावरून वाकून 'असं लिही, तसं लिही' करू नये. तिनं दाखवलं तर वाचावं.