टेसच्या नशिबाचा हिशेब

टेसची गोष्ट कुणालाही सांगून बघा. ऐकणारा शेवटी सुस्कारा टाकतो आणि म्हणतो, "बिचारीचं नशीबच फुटकं!" बी.ए.ला इंग्रजी घेतलेल्या आपल्यातल्या अनेकांनी परीक्षेतही हेच उत्तर लिहिलं असेल: थॉमस हार्डी हा नियतीवादी लेखक, आणि टेस ही नियतीची बळी. गुण मिळाले, विषय संपला.

'टेस ऑफ द डर्बरव्हिल्स' १८९१ साली पुस्तकरूपात आली. माझं म्हणणं असं, की ही कादंबरी पुन्हा काढा आणि वाण्याच्या वहीसारखी वाचा. कोणी काय दिलं, कोणी काय घेतलं, बाकी कुणाच्या नावावर निघाली. नशिबाच्या खात्यावर टाकलेल्या बहुतेक रकमा दुसऱ्याच कुणाच्या तरी असल्याचं दिसेल.

सुरुवातच बघा. टेसचा बाप जॉन डर्बीफील्ड हा खेड्यातला किरकोळ माल फिरून विकणारा गरीब माणूस. एक पाद्री त्याला वाटेत गाठून सांगतो, की तुमचं घराणं म्हणजे नॉर्मन काळातले सरदार डर्बरव्हिल. ज्यांच्या घरी कपाटात कुलवृत्तांताचा जाडजूड खंड आहे (आणि परदेशात आपल्यापैकी कितीतरी घरी तो आहे), त्यांना पुढचं समजावून सांगायला नको. बापाची छाती फुगते, तो दारू पितो आणि पहाटे मधमाश्यांची पोळी बाजारात न्यायच्या वेळी उठू शकत नाही. म्हणून कोवळ्या वयाची टेस अंधारात गाडी हाकते. तिचा डोळा लागतो, समोरून येणाऱ्या टपालगाडीशी टक्कर होते आणि प्रिन्स नावाचा घोडा मरतो. घरातला एकमेव मिळवता प्राणी तोच होता.

हा अपघात खरा. पण एका घोड्याच्या मरणाने कुटुंब रस्त्यावर यावं, ही व्यवस्था आहे. ती अपघाताने झालेली नाही. आता आई मुलीला 'नातेवाईक' श्रीमंतांकडे धाडते. हे नातेवाईकही खोटे: उत्तरेकडच्या एका व्यापाऱ्याने पैसा केल्यावर जुनं नाव उचलून आपल्या नावाला जोडलेलं. ज्यांचं रक्त आहे त्यांच्याकडे पैसा नाही आणि ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी नाव विकत घेतलेलं. हार्डीचा हा विनोद फार कडू आहे.

त्या घरचा मुलगा अ‍ॅलेक. जंगलातल्या त्या रात्री टेसवर हात टाकण्याआधी तो तिला काय सांगतो? तुझ्या वडिलांना आज नवा घोडा मिळाला, भावंडांना खेळणी मिळाली. टेस रडते, पण तिला आभार मानावेच लागतात. बलात्काराच्या आधी उपकार. हे ओझं ज्याने कधी वाहिलं असेल, त्याला त्या प्रसंगात नियती शोधायची गरज वाटणार नाही.

आता ते प्रसिद्ध पत्र. लग्नाआधी टेस एंजल क्लेअरला सगळं लिहून कळवते. पत्र दाराखालून सरकवताना ते सतरंजीखाली जातं. योगायोगाचा याहून मोठा नमुना कुठला, असं शिक्षक विचारायचे. पण पुढची पानं वाचा. ते पत्र टेसला लग्नाच्या दिवशी, विधीच्या आधीच परत सापडतं. ती पुन्हा सांगू पाहते आणि एंजलच तिला थांबवतो: चुकांची कबुली नंतर कधीतरी निवांत देऊ. म्हणजे सतरंजीने केलं त्याहून जास्त एंजलने केलं. त्याला ऐकायचंच नव्हतं. त्याने एका गवळणीवर प्रेम केलं नव्हतं, स्वतःच्या मनातल्या निसर्गकन्येवर केलं होतं.

लग्नाच्या रात्री तो स्वतःचं लंडनमधलं जुनं प्रकरण सांगतो. टेस लगेच क्षमा करते. मग ती आपलं सांगते, आणि तो तिला सोडून ब्राझीलला निघून जातो. दोघांचे तराजू इतके वेगळे कसे? हे फक्त एका माणसाचं कोतेपण नाही. १८५७च्या इंग्लिश घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा एक व्यभिचार पुरे होता, बायकोला मात्र त्याच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्यागासारखं आणखी काही सिद्ध करावं लागे. हा भेद १९२३पर्यंत टिकला. एंजल स्वतःला धर्म आणि रूढी सोडलेला आधुनिक तरुण समजतो, पण त्याच्या मनाच्या तळाशी तोच कायदा आहे. असे पुरोगामी आपण पाहिलेले आहेत.

पुढचा फेरा सगळ्यात कमी चर्चिला जातो, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नवऱ्याने ठेवलेले पैसे माहेरच्या छपराच्या शाकारणीसारख्या खर्चात संपतात. टेस कडाक्याच्या थंडीत शेतात कंद खणते, मळणीयंत्रावर दिवसभर उभी राहते. मग बाप मरतो. घराचा पट्टा होता तीन आयुष्यांचा, आणि बाप हे त्यातलं शेवटचं आयुष्य. तो गेला त्याच क्षणी घर गेलं. मालकाला ते आपल्या मजुरांसाठी हवं होतं, शिवाय टेसच्या 'चारित्र्या'मुळे गावालाही हे कुटुंब नको होतं. आई आणि लहान भावंडं सामानासकट उघड्यावर, पूर्वजांच्या थडग्यांशेजारी! मदतीला उभा आहे अ‍ॅलेक. टेस त्याच्याकडे परत जाते, ती या पट्ट्यामुळे. हार्डीचा बाप गवंडी होता आणि असे पट्टे या लेखकाने घरातूनच पाहिलेले होते. म्हणून त्याने मालकाचं मन नाही, पट्ट्याची अट नोंदवली.

मग हार्डी स्वतः नियतीचं नाव का घेतो? घेतो, आणि इथे माझं त्याच्याशी भांडण आहे. तीन निर्णायक क्षणी टेस झोपलेली असते: घोडा मरतो तेव्हा, जंगलात, आणि शेवटी स्टोनहेंजच्या दगडावर, पोलीस वेढा घालतात तेव्हा. अत्याचार, अ‍ॅलेककडे परतण्याचा निर्णय, खून, फाशी यातलं काहीच आपल्याला तिच्या आतून दिसत नाही. खून कळतो छतावर पसरणाऱ्या लाल डागातून, फाशी कळते काळ्या निशाणातून. काही दोष काळाचा: 'द ग्राफिक' साप्ताहिकात कादंबरी छापताना जंगलाच्या प्रसंगाऐवजी खोट्या लग्नाची कथा घालावी लागली आणि बाळाच्या बाप्तिस्म्याचं प्रकरण वगळावं लागलं. पण पुस्तकात हात मोकळा असतानाही त्याने तिला सुंदर, मूक बळी ठेवलं. सोळाव्या वर्षी त्याने डॉर्चेस्टरला मार्था ब्राउन या बाईची फाशी गर्दीतून पाहिली होती आणि म्हातारपणीही ती विसरला नव्हता. टेसकडे तो कधीकधी त्या गर्दीतूनच पाहतो.

याच सुमारास पुण्यात हरिभाऊ आपटे 'करमणूक'मधून 'पण लक्षांत कोण घेतो!' क्रमशः छापत होते. कलाकुसरीत हार्डी वरचढ, यात वाद नाही. पण आपट्यांनी एक धाडस केलं जे हार्डीने केलं नाही: यमूला आपली कहाणी स्वतः सांगू दिली. तिच्या डोक्यावरून वस्तरा फिरतो तेव्हा आपण तिच्यासोबत असतो, बाहेर उभे नसतो. म्हणून यमूचं वाचून "नशीब" म्हणायला जीभ अडखळते, कारण ती स्वतः नावं घेऊन सांगते.

तरीही हार्डीचं मोठेपण हे, की आधीच्या लेखकांनी अशा बाईला पश्चात्तापाने मारलं किंवा जहाजात बसवून ऑस्ट्रेलियाला पाठवलं, तेव्हा त्याने मुखपृष्ठाखाली तिला 'शुद्ध स्त्री' म्हटलं आणि त्यासाठी शिव्या खाल्ल्या.

तेव्हा ती पुन्हा वाचा, हातात पेन्सिल घेऊन. जिथे "तिच्या नशिबात होतं" असं मनात येईल, तिथे समासात एकच प्रश्न लिहा: यात फायदा कुणाचा झाला? बहुतेक वेळा उत्तर त्याच पानावर सापडेल. आणि मग गावाकडच्या फोनवर कुणा आत्या-मावशीच्या मुलीबद्दल तेच वाक्य ऐकू आलं, तर तिथेही विचारून बघा.