आभासी सदरेवरचे छप्पर

पाऊस नाही, ऊन नाही, तरी छप्पर आहे. माणसे उडू शकतात, तरी पायऱ्या आहेत. २००३ साली सर्वांस खुल्या झालेल्या ‘सेकंड लाइफ’ या संगणकीय जगातील सार्वजनिक वास्तू पाहताना ही विसंगती प्रथम डोळ्यांत भरते. २००६ मध्ये हार्वर्डच्या विधी विद्यालयातील प्राध्यापक चार्ल्स नेसन यांनी कन्या रिबेका यांच्यासह तेथे अभ्यासवर्ग चालविला, तो विद्यालयाच्या ऑस्टिन हॉल या दगडी इमारतीच्या प्रतिकृतीत. पुढल्याच वर्षी स्वीडनने तेथे माहितीकेंद्रवजा दूतावास उघडला. तोही वॉशिंग्टनमधील स्वीडिश वास्तूवर बेतलेला.

या अनुकरणाला हौस म्हणून हसणे अन्यायाचे होईल. उंच न्यायासन दिसले की परका माणूसही आवाज खाली आणतो. दोष आहे तो मापांत. तेथे आपली दृष्टी प्रतिरूपाच्या डोळ्यांत नसून त्याच्या डोक्यामागे, काहीशी वर तरंगत असते. म्हणून खऱ्या मापाची खोली कोंदट वाटते, नजर भिंतीला अडते. जाणता रचनाकार छत खूप उंच नेतो किंवा काढूनच टाकतो. शिवाय टंकलेले साधे बोलणे सुमारे २० मीटरपर्यंतच पोचते. श्रोत्यांची शेवटची ओळ कोठे असावी, हे खरे तर त्या अंतराने ठरावयास हवे. मागच्या बाकावर साक्ष पोचत नसेल, तर न्यायालय खुले आहे असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

१५ फेब्रुवारी २०२३ रोजी कोलंबियातील माग्दालेना प्रांताच्या प्रशासकीय न्यायाधिकरणाने वाहतूकदारांच्या संघटनेने पोलिसांविरुद्ध आणलेल्या खटल्याची सुनावणी मेटा कंपनीच्या आभासी दालनात घेतली. न्यायमूर्तींच्या प्रतिरूपाने काळा झगा घातला होता. दालन मात्र कचेऱ्यांतील बैठकांसाठी तयार केलेले. झगा न्यायालयाचा आणि टेबल कंपनीचे, ही जोडणी मला छपरापेक्षा अधिक खटकते.

ज्यांनी संस्थेच्या सभागृहासाठी वर्गणी फिरविली आहे, त्यांना ठाऊक असेल की पहिला प्रश्न जागा कोणाच्या नावावर, हा असतो. खिडक्यांची चर्चा मागाहून. ‘सेकंड लाइफ’मधील खाजगी बेटाला दरमहा आकार भरावा लागतो, तो थांबला की बेट नाहीसे होते, आणि बेटावर कोणास येऊ द्यावे हे त्याचा धारक ठरवितो. प्रतिकृतीत कमानी कोरणाऱ्यांनी या अटींकडे पाहिलेले दिसत नाही. स्वीडनचा तो दूतावास पुढे बंद झाला.