अल्पकालीन समभाग व्यवहार आणि बाजारव्याप्तीचे निर्देशक : एक चिकित्सा

प्रस्तावना :
समभाग बाजाराची स्थिती सामान्यतः सेन्सेक्स व निफ्टी यांच्या आधारे सांगितली जाते. सेन्सेक्समध्ये ३० कंपन्या, तर निफ्टीमध्ये ५० कंपन्या समाविष्ट आहेत. त्यांतही मोजक्या मोठ्या कंपन्यांचा भार अधिक असल्याने बहुसंख्य समभाग घसरत असतानाही निर्देशांक वाढलेला दिसू शकतो. ही उणीव भरून काढण्यासाठी 'मार्केट ब्रेड्थ' म्हणजेच बाजारव्याप्तीचे निर्देशक वापरले जातात. अलीकडे वाणिज्य शाखेचे अनेक विद्यार्थी मोबाईलवरून व्यवहार करतात आणि हे निर्देशक खरेदी-विक्रीचा थेट आदेश मानतात. या समजुतीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

निर्देशकांचे स्वरूप :
सर्वांत साधा निर्देशक म्हणजे वाढलेल्या व घसरलेल्या समभागांच्या संख्येतील दैनिक फरक होय. या फरकाची क्रमाने बेरीज केल्यास अॅडव्हान्स-डिक्लाइन रेषा मिळते. याच दैनिक फरकाच्या १९ व ३९ दिवसांच्या घातांकी सरासरींतील अंतरावर शेरमन व मेरियन मॅक्लेलन यांनी १९६९ मध्ये मांडलेला ऑसिलेटर आधारलेला आहे. रिचर्ड आर्म्स यांनी १९६७ मध्ये 'ट्रिन' हा निर्देशक मांडला. त्यात वाढ-घट संख्येच्या गुणोत्तराला वाढ-घट उलाढालीच्या गुणोत्तराने भागले जाते. उत्तर १ पेक्षा कमी आल्यास तेजी व अधिक आल्यास मंदी, असा त्याचा रूढ अर्थ आहे.

अर्थनिर्णयातील दोष :
हा रूढ अर्थ कितपत विश्वसनीय आहे, हे एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. एखाद्या दिवशी ३०० समभाग वाढले व १५०० घसरले. वाढलेल्या समभागांत ४ कोटी व घसरलेल्या समभागांत २० कोटी शेअर्सची उलाढाल झाली. दोन्ही गुणोत्तरे ०.२ येतात आणि ट्रिनचे मूल्य १ येते. म्हणजे बाजारात सर्वदूर घसरण असतानाही निर्देशक 'तटस्थ' राहतो! ट्रिन बाजाराची दिशा मोजत नसून उलाढाल संख्येच्या प्रमाणात आहे की नाही, एवढेच मोजतो.

दुसरा दोष गणनेच्या कक्षेशी संबंधित आहे. मुंबई शेअर बाजारातील मोजणीत अत्यल्प उलाढालीचे असंख्य समभाग येतात. काही शेकडा शेअर्सच्या व्यवहाराने वाढलेली छोटी कंपनी आणि कोट्यवधींची उलाढाल असलेली मोठी बँक यांना येथे समान मत मिळते. ही लोकशाही आकर्षक वाटली, तरी पैशाचा ओघ कोठे आहे हे ती सांगत नाही.

तिसरा दोष सर्वांत गंभीर असून तो कालमर्यादेचा आहे. न्यूयॉर्क शेअर बाजाराच्या अॅडव्हान्स-डिक्लाइन रेषेने एप्रिल १९९८ मध्ये शिखर गाठले. परंतु एस अँड पी ५०० निर्देशांकाचे शिखर मार्च २००० मध्ये आले. इशारा खरा ठरला, पण जवळजवळ दोन वर्षांनी! भारतातही जानेवारी २०१८ नंतर मध्यम व लहान कंपन्यांचे निर्देशांक शिखरावरून खाली आले. मे-जून २०१८ मध्ये त्यांची घसरण सुरूच होती, तर निफ्टीने ऑगस्टअखेर ११,७०० ची पातळी ओलांडून नवा उच्चांक केला. आयएल अँड एफएस समूहाच्या कर्जफेडीतील कसुरीनंतर ऑक्टोबर २०१८ अखेरीस तो दहा हजारांच्या आसपास उतरला. जूनमधील विसंगती पाहून निफ्टीत मंदीचा सौदा करणाऱ्याचे निदान योग्य होते. मात्र ते खरे ठरण्यापूर्वीच त्याचे भांडवल संपण्याची शक्यता होती. दीर्घकालीन गुंतवणूकदारास उपयुक्त असलेला इशारा अल्पकालीन व्यवहार करणाऱ्यास घातक ठरू शकतो, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

याशिवाय, निर्देशांक व व्याप्ती ही दोन्ही त्याच दिवसाच्या, त्याच किमतींवरून काढली जातात. त्यामुळे ज्याला आपण 'दुजोरा' म्हणतो, तो पुष्कळदा पुनरुक्तीच असतो.

उपयुक्ततेची मर्यादा :
याचा अर्थ हे निर्देशक त्याज्य आहेत असा नव्हे. तेजीत किती कंपन्या सहभागी आहेत, हे त्यांच्याइतके सोप्या रीतीने अन्य साधन सांगत नाही. मात्र गणना निफ्टी ५०० सारख्या पुरेशी उलाढाल असलेल्या समूहापुरती मर्यादित ठेवावी. एका दिवसाच्या आकड्याऐवजी अनेक दिवसांचा कल पाहावा. व्याप्ती क्षीण असताना सौद्याचा आकार कमी करावा. केवळ तिच्या आधारे उलटा सौदा करू नये. तोट्याची मर्यादा सौद्यापूर्वीच निश्चित असावी.

निष्कर्ष :
सेबीने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२२-२३ या आर्थिक वर्षात समभागांच्या रोख विभागात एकाच दिवसात खरेदी-विक्री करणाऱ्या दर १० वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ७ जणांना तोटा झाला. या पार्श्वभूमीवर निर्देशकाचे सूत्र शिकवून थांबणे अध्यापकास परवडणारे नाही. ते सूत्र काय मोजते, काय मोजत नाही आणि त्याचे उत्तर किती काळाने खरे ठरते, हे तीन प्रश्न विद्यार्थ्यास विचारावयास शिकविणे आवश्यक आहे. बाजारव्याप्ती ही बाजाराच्या प्रकृतीची नोंद आहे; तिला भविष्यकथन मानणे ही निर्देशकाची नव्हे, तर अर्थ लावणाऱ्याची चूक होय.