मेजवानीचे तीन अवतार : ‘पारादीसो’ ते ‘पालादार’

खाजगी घरात चालणाऱ्या भोजनगृहास क्यूबामध्ये ‘पालादार’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ टाळू, आणि लक्षणेने रुची असा आहे. भोजनगृहाचे नाव म्हणून तो रूढ झाला तो मात्र ‘व्हाले तूदो’ (१९८८) या ब्राझिली दूरचित्रवाणी मालिकेमुळे. तिची नायिका राकेल समुद्रकिनारी खाद्यपदार्थ विकता विकता ‘पालादार’ नावाच्या भोजनगृहाची मालकीण होते. हवानामधील ‘ला ग्वारिदा’ या पालादाराची उत्पत्तीही अशीच कलाकृतीतून झाली आहे. पण तिचे मूळ अधिक खोल आहे. तेथवर एक कादंबरी, एक कथा आणि एक चित्रपट यांच्या वाटेनेच जाता येते.

होसे लेसामा लिमा यांची ‘पारादीसो’ ही कादंबरी १९६६ साली प्रसिद्ध झाली. तिच्या सातव्या प्रकरणात दोन्या आउगुस्ता ही कुलवृद्धा कुटुंबियांना जेवू घालते. केळ्यांचे सूप, कोळंबीने सजविलेले सागरी सूफ्ले, बीटाची कोशिंबीर, टर्की असा तो थाट आहे. बीटाची एक चकती निसटून कोऱ्या मेजपोसावर डाग पडतात आणि त्या समृद्धीवर नकळत अशुभाची छाया उतरते. या वर्णनास केवळ रसनेचा विलास समजणे अपुरे होय. क्यूबात १९६२ पासून अन्नधान्याचे नियंत्रित वाटप सुरू झाले होते. वाचकाच्या हाती हा ग्रंथ पडला तेव्हा त्याच्या खिशात शिधापत्रिका होती. म्हणजे ही मेजवानी वाचकापुरती तरी प्रथमपासूनच अभावाच्या पार्श्वभूमीवर मांडलेली होती.

सेनेल पास यांच्या ‘लांडगा, अरण्य आणि नवा माणूस’ (१९९०) या कथेत, आणि तिच्यावरून तोमास गुतिएरेस आलेआ व ह्वान कार्लोस ताबीओ यांनी केलेल्या ‘फ्रेसा इ चोकोलाते’ (१९९३) या चित्रपटात, हेच भोजन पुन्हा मांडले जाते. यजमान दिएगो हा समलिंगी, सुसंस्कृत आणि राजसत्तेच्या दृष्टीने संशयित. अतिथी दाविद हा तरुण कम्युनिस्ट विद्यार्थी. लेसामांच्या ग्रंथाशी ज्याचा अद्याप पुरेसा परिचय नाही अशा दाविदला दिएगो त्या ग्रंथातील पदार्थ वाढतो. ही एक प्रकारची टीकाच होय. तिचे माध्यम तेवढे निबंध नसून ताट आहे. ज्या परंपरेतून दिएगोला बहिष्कृत केले जात आहे तिचा खरा वारसदार आपणच आहोत, हे तो या कृतीने सिद्ध करतो; आणि स्वतः देश सोडण्यापूर्वी तो वारसा दाविदच्या हवाली करतो. या जेवणाचे मोल घेतले जात नाही. मोल घेतले असते तर ते वारसादान राहिलेच नसते.

तिसरा अवतार नेमका येथेच अडचणीचा ठरतो. ज्या वाड्यात हा चित्रपट चित्रित झाला, त्या कोंकोर्दिया रस्त्यावरील वाड्यात १९९६ साली ‘ला ग्वारिदा’ उघडले. ग्वारिदा म्हणजे श्वापदाचे आश्रयस्थान. दिएगो आपल्या खोलीला याच नावाने संबोधतो. सोव्हिएट संघाच्या विघटनानंतर क्यूबाची अर्थव्यवस्था कोलमडली, १९९३ साली डॉलरचा वापर वैध ठरला आणि १९९५ साली घरगुती भोजनगृहांना परवाने मिळू लागले. अतिथीचा ग्राहक झाला, आणि तो बहुधा परदेशी होता. शेजारच्या कुटुंबास त्या मेजावर बसणे परवडण्याजोगे नव्हते. साहित्याचे बाजारीकरण झाले, असा निष्कर्ष काढणे यावरून सोपे आहे.

परंतु तत्कालीन निर्बंध पाहता हा निष्कर्ष अपुरा वाटतो. पालादारात १२ हून अधिक आसने ठेवण्यास मनाई होती. कामास कुटुंबीयच असावेत असा दंडक होता. आणि गोमांस, शेवंड, कोळंबी हे पदार्थ वर्ज्य होते. परिणाम विलक्षण झाला. दोन्या आउगुस्ताचे कोळंबीयुक्त सूफ्ले, ज्या वास्तूने त्याची स्मृती पडद्यावर जिवंत ठेवली, त्याच वास्तूत कायदेशीरपणे वाढता येत नव्हते. कादंबरीतील समृद्धी पुन्हा एकदा निषिद्ध वस्तू ठरली. दुसरीकडे, १२ आसनांच्या मर्यादेने धंद्याला घरच्या मेजाचा आकार दिला. जे घरगुतीपण वाढवावे असे शासनाच्या मनात नव्हते, ते शासनाच्याच संशयाने टिकवून धरले. ही मर्यादा २०१० साली २० वर आणि २०११ साली ५० वर गेली. व्यवसायास मोकळीक मिळाली, पण मेजाशी असलेले घराचे प्रमाण सुटले.

मराठीतील ‘खाणावळ’ या शब्दाने पालादाराचा अर्थ पुरता व्यक्त होत नाही, तो यामुळेच. मुंबईच्या गिरणगावातील खाणावळ घर सोडून आलेल्यास घरच्या जेवणाची उणीव भरून देई. पालादारात मनुष्य परक्याचे घर पाहावयास येतो. पहिल्या ठिकाणी अन्न ही गरज आहे, दुसऱ्या ठिकाणी ते कथानक आहे.

म्हणून तीनही मेजवान्यांना एकच कसोटी लावली पाहिजे : जेवणारा उठताना काय घेऊन उठतो? आउगुस्ताच्या मेजावरून कुटुंबीय आपल्या एकत्वाची, आणि त्यावर पडलेल्या डागाचीही, जाणीव घेऊन उठतात. दाविद एक उत्तरदायित्व घेऊन उठतो. ‘ला ग्वारिदा’चा ग्राहक आठवण घेऊन जिना उतरतो, तिच्यासोबत उत्तरदायित्व आले की नाही, हे तो त्यानंतर ‘पारादीसो’ उघडतो की नाही यावर अवलंबून आहे. पैसा देण्याने वारसा नष्ट होत नाही. पण केवळ पैसा देण्याने तो मिळतही नाही. दिएगोने वाढलेल्या ताटाचे हेच मर्म आहे, आणि त्याच्या नावावर चालणाऱ्या प्रत्येक मेजाचे मूल्यमापन त्यावरूनच व्हावयास हवे.